पाठीमागचे बोलणे

मनुष्याच्या हातून जी पापे घडतात, त्यांपैकी बहुतेकांस काही ना काही साहित्य लागते. चोरी करावयाची तर रात्र पाहिजे, मद्यपान करावयाचे तर गाठीस पैसा पाहिजे, मारामारी करावयाची तर अंगात बळ पाहिजे. परंतु एक पाप असे आहे की त्यास पैसा नको, बळ नको आणि काळोखही नको. दोन माणसे, एक गैरहजर तिसरा आणि घटकाभर रिकामा वेळ, एवढ्या भांडवलावर ते भर दिवसा, देवळाच्या पायरीवर बसून, हाती गीतांचे पुस्तक असतानाही करिता येते. आपल्या भाषेत या पापास नावे पुष्कळ आहेत. कोणी त्यास चहाडी म्हणतात, कोणी चुगली, कोणी कुटाळकी, तर कोणी लावालावी. ज्या वस्तूचा व्यवहारात फार उपयोग होतो तिला नावेही फार पडतात. त्यावरून आपल्या समाजात या मालाचा खप किती असावा, हे वाचकांनी ताडावे.

शाळेच्या वार्षिक अंकात परीक्षांचे निकाल, खेळांतील विजय व स्नेहसंमेलनाची हकीगत असे आनंदाचे विषय असतात. त्यांत हा कडू विषय कोठून आला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की, ज्या मुलामुलींस आम्ही भाषा शिकवितो, त्यांनी त्या भाषेचे पुढे काय करावे हे सांगणे आमच्याच कर्तव्यात मोडते. शुद्ध लिहिणे, स्पष्ट बोलणे, मुद्देसूद मांडणे या साऱ्या गोष्टी चहाडखोरासही उत्तम साधतात. किंबहुना ज्यास त्या साधतात त्याची चहाडी अधिक रंगते. म्हणून आज जिभेच्या व्याकरणापेक्षा तिच्या वर्तनाविषयी दोन शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे पाहू की ख्रिस्ती मनुष्य या पापास इतके हलके का लेखतो. मंडळीतील एखादा सभासद मद्य पिऊन रस्त्यात पडलेला आढळला, तर पंच बसतात, पाळकसाहेब त्याच्या घरी जातात, प्रभुभोजनापासून त्यास काही काळ दूर ठेवावे की काय याची चर्चा होते. परंतु शेजाऱ्याचे नाव धुळीस मिळविणारा गृहस्थ पुढल्याच रविवारी वर्गणीची थैली फिरविताना दिसतो. पवित्र शास्त्राने मात्र असा भेद केलेला नाही. दहा आज्ञांपैकी खून, व्यभिचार व चोरी यांच्या पाठोपाठ जी नववी आज्ञा येते, ती शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासंबंधीच आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात दुष्टतेची जी लांब यादी दिली आहे, तीत खुनाच्या शेजारीच कानाशी लागणारे व निंदा करणारे यांस बसविले आहे. आपण त्यांस त्या पंक्तीतून उठवून आपल्या पंक्तीस घेतले, हा आपला दोष आहे.

या शब्दांची मुळे पाहण्याजोगी आहेत. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात लोकांमध्ये चहाडी करीत फिरू नये अशी जी आज्ञा आहे, तेथील इब्री शब्दाचे नाते पंडित लोक गावोगाव हिंडून माल विकणाऱ्या फेरीवाल्याच्या शब्दाशी जोडतात. उपमा किती समर्पक आहे! फेरीवाला एका दारी जे घेतो ते दुसऱ्या दारी विकतो, आणि दर वेळी आपला नफा वर चढवितो. चहाडखोराचेही तेच. त्याचा माल जसजसा दारोदार जातो तसतशी त्याची किंमत वाढते. दुसरा शब्द ग्रीक भाषेतील आहे व तो अधिक भयंकर आहे. नव्या करारात सैतानास जे ‘दियाबोलोस’ असे नाव आहे, त्याचा अर्थ दोषारोप करणारा, निंदा करणारा, असाच आहे. आणि तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीतील स्त्रियांनी निंदक नसावे असे जेथे सांगितले आहे, तेथे हाच शब्द योजिला आहे. आमच्या भगिनींनी रागावू नये. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात शेवटल्या काळच्या माणसांविषयी बोलताना पौलाने तोच शब्द सरसकट सर्वांस लाविला आहे. चावडीवरील पुरुषमंडळी या बाबतीत पाणवठ्यावरील स्त्रियांस कधीच हार गेलेली नाहीत.

आता चहाडी करणारा आपल्या बचावासाठी जी कारणे पुढे करितो, त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिले कारण असे की, “मी खोटे थोडेच सांगतो? जे घडले तेच सांगितले.” या म्हणण्यास उत्तर म्हणून शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील दवेग अदोमी याचे चरित्र वाचावे. शौल राजाच्या भयाने पळत असलेला दावीद नोब गावी अहीमलेख याजकाकडे आला. राजाच्या गुप्त कामगिरीवर आपण निघालो आहो, असे त्याने याजकास सांगितले. त्या भल्या गृहस्थाने त्यावर विश्वास ठेवून त्यास भाकरी दिली व गल्याथाची तरवार दिली. दवेग तेथे हजर होता. त्याने शौलापाशी जाऊन सांगितले ते हेच, की अहीमलेखाने दाविदास अन्न दिले व तरवार दिली. यात घडले नाही असे ते काय होते? परंतु राजाचा जावई राजाच्याच कामास निघाला आहे अशा समजुतीने याजकाने हे सर्व केले, हा सत्याचा अर्धा भाग दवेगाच्या तोंडून बाहेर पडला नाही. त्या अर्ध्या सत्याची किंमत त्या दिवशी ८५ याजकांनी आपल्या प्राणांनी दिली, आणि नोब गावातील बायकामुलेही तरवारीस बळी पडली. तरवार चालविणारा हात आणि खबर सांगणारी जीभ ही दोन्ही एकाच दवेगाची होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरे बोलणे एवढ्यानेच बोलणारा निर्दोष ठरत नाही, हे सरकारी कायद्यासही ठाऊक आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ४९९ व्या कलमात अब्रुनुकसानीच्या अपराधास जे पहिले अपवादस्थान दिले होते, त्यात विधान खरे असावे एवढेच म्हणून कायदा थांबला नव्हता. ते प्रसिद्ध करणे लोकहितास आवश्यक असावे, अशी दुसरी अट त्याने घातली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता अमलात आली. तिच्या ३५६ व्या कलमातही तीच अट कायम आहे. शेजारच्या घरात रात्री भांडण झाले हे खरे असेल. परंतु ते गावभर सांगण्याने कोणाचे हित झाले? ज्या प्रश्नाचे उत्तर न्यायाधीश मागतो, तो प्रश्न ख्रिस्ती मनुष्याने स्वतःस आधी विचारू नये काय?

दुसरे कारण असे की, “सहज बोललो, त्याने कोणाचे काय बिघडते?” हे म्हणणाऱ्याने आपला समाज किती लहान आहे याचा विचार केलेला नसतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी भरली. त्यातून एकेका मंडळीची माणसे मोजू गेल्यास ती आणखीच थोडी. मोठ्या शहरात ज्याची निंदा झाली त्यास दुसरी आळी, दुसरे देऊळ, दुसरी नोकरी शोधिता येते. पण तालुक्याच्या गावी एकच देऊळ, एकच शाळा आणि सोयरीक जुळवावयाची तर तीच दहावीस घरे. अशा ठिकाणी एखादी तरुण शिक्षिका सायंकाळी अंमळ उशिरा घरी परतते. पहिली शेजारीण म्हणते, “आज बाईंना उशीर झाला वाटते.” दुसरीच्या तोंडी जाईपर्यंत बाईंना कोणीतरी कोपऱ्यापर्यंत पोहोचविण्यास आलेले असते. तिसरीस त्या कोणाचे नाव कळते, आणि चौथी, “काकू, कोणास सांगू नका हो, माझे नाव तर मुळीच घेऊ नका,” अशी शपथ घालून ती गोष्ट वरपक्षाच्या आत्याबाईंच्या कानी घालते. चौघींपैकी एकीनेही आपण खोटे बोललो असे मानलेले नसते. प्रत्येकीने एकेकच काडी टाकलेली असते. आणि ती मुलगी शाळेत उत्तरपत्रिका तपासण्यास बसली होती, हे कळेपर्यंत आलेले स्थळ परत गेलेले असते.

कोणी म्हणेल की सत्य शेवटी बाहेर पडते. पडते खरे, पण गेलेले सर्व परत मिळते काय? मफीबोशेथ हा योनाथानाचा लंगडा मुलगा. दावीद राजा संकटात पळत असता, मफीबोशेथाचा चाकर सीबा याने येऊन सांगितले की, धनी यरुशलेमेत राहून आपल्या आजोबांच्या गादीची वाट पाहात आहे. दाविदाने दुसरी बाजू न ऐकता त्या गरीब मनुष्याची सारी मिळकत सीबास देऊन टाकिली. पुढे राजा परत आल्यावर मफीबोशेथ सामोरा आला. धन्याच्या वियोगात त्याने पायांची निगा राखिली नव्हती, दाढी नीट केली नव्हती, वस्त्रे धुतली नव्हती. तेव्हा आपली फसवणूक झाल्याचा संशय राजास आला असावा. तरीही निकाल काय झाला? शेत दोघांत वाटून देण्यात आले. दावीद हा ईश्वराच्या मनासारखा राजा. त्याने एकाच बाजूचे ऐकले म्हणून एका निरपराध्याचे अर्धे शेत गेले ते गेलेच. मग आपल्यासारख्या सामान्य माणसांच्या कानांवर कितीसा भरवसा ठेवावा?

यावरूनच तिसऱ्या कारणाचे उत्तर मिळते. ते कारण असे की, “मी काही बोललो नाही; मी केवळ ऐकत होतो.” यहूदी गुरूंची शिकवण अशी होती की, निंदेने तिघांचा घात होतो : बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा आणि ज्याविषयी बोलले जाते त्याचा. ज्या बाजारात गिऱ्हाईक नाही तेथे फेरीवाला फिरकत नाही. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील अध्यक्ष ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याचे चरित्र त्याचा सहकारी पोसिडियस याने लिहिले आहे. त्यात असे सांगितले आहे की, गैरहजर मनुष्याची निंदा करणारास या मेजावर स्थान नाही, अशा अर्थाचे पद्य ऑगस्टीनाने आपल्या भोजनाच्या मेजावर लिहून ठेविले होते. एकदा त्याचे काही स्नेही, तेही स्वतः अध्यक्षच, जेवताना तो नियम विसरले. तेव्हा तो संतापून म्हणाला की, एकतर हे पद्य मेजावरून पुसून टाकावे, नाहीतर आपण भोजन सोडून आपल्या खोलीत निघून जातो. पाहुण्यांची भीड त्याने धरिली नाही, कारण जो गृहस्थ तेथे नव्हता त्याची भीड त्यास अधिक वाटली. आपल्या घरांच्या भिंतींवर आपण वचनांच्या पाट्या आवडीने लावितो. त्यांतील एक जेवणाच्या खोलीत कोणत्या मजकुराची असावी, हे यावरून ठरविता येईल.

चौथे कारण विशेषकरून आम्हा ख्रिस्ती लोकांत आढळते, आणि तेच सर्वांत वाईट आहे. ते असे की, “मी निंदा करीत नाही, त्या कुटुंबासाठी आपण प्रार्थना करावी म्हणून सांगत आहे.” मग प्रार्थनेस अवश्य म्हणून नाव सांगितले जाते, प्रार्थना नेमकी व्हावी म्हणून तपशील सांगितला जातो, आणि इतके सर्व सांगून होईपर्यंत प्रार्थनेची वेळ संपते. सर्वज्ञ परमेश्वरास शेजाऱ्याच्या पडवीतील हकीगत बैठकीत मोठ्याने ऐकविण्याची गरज नाही. ज्यास खरोखर कळकळ आहे त्याने दार लावून घ्यावे, आणि ज्याने दुःख भोगले त्याने परवानगी दिल्यावाचून त्याचे दुःख चारचौघांत मांडू नये.

येथवर घराघरांतील चहाडीचे वर्णन झाले. परंतु हीच चहाडी ज्या वेळी अनोळखी माणसांविषयी होते व गावेच्या गावे व्यापते, त्या वेळी तिला अफवा म्हणतात. अफवा कोठवर जाते हे आपल्या महाराष्ट्राने पाहिलेले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची साथ मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखिली. रोग्यांस आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागताच, तेथे माणसे बरी करण्यासाठी नव्हे तर मारण्यासाठी नेतात, अशी वदंता उठली. आणि ऑक्टोबर महिन्यात गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. ज्या घरात औषध मिळावयाचे त्याच घराचे लोकांस भय वाटू लागले, रोगी लपविले जाऊ लागले, आणि लपविलेला रोग शेजाऱ्यापाजाऱ्यांस खाऊ लागला.

ती गोष्ट जुनी झाली असे म्हणावे, तर १ जुलै २०१८ चा दिवस आठवावा. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे त्या रविवारी आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले होते. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र फिरत होते. जमावाने त्या पाचांसच टोळी मानिले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकिले. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप चालविणाऱ्या कंपनीने, भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. यंत्रास अशी मर्यादा घालावी लागली. बोटास ती कोण घालणार? तो संदेश पुढे पाठविणारे बहुतेक लोक राईनपाड्यास गेलेही नव्हते. त्यांनी काठी उचलली नाही. त्यांनी केवळ बोट टेकविले. दवेगाला निदान शौलाच्या दरबारापर्यंत चालत जावे लागले होते.

ख्रिस्ती लोकांनी तर या गोष्टीस इतरांहून अधिक भ्यावे, कारण आपले पूर्वज याच शस्त्राने मारले गेले आहेत. दुसऱ्या शतकात रोमी साम्राज्यात अशी वदंता होती की, ख्रिस्ती लोक गुप्त सभांत मुलांचे मांस खातात व अनाचार करितात. प्रभुभोजनाविषयीचे शब्द कोणीतरी अर्धवट ऐकिले असावेत आणि एकमेकांस बंधुभगिनी म्हणण्याची रीत कोणीतरी विपरीत समजून घेतली असावी. इ. स. १७७ मध्ये गॉल देशातील लिओं शहरी छळ झाला, तेव्हा यातनांच्या भयाने काही चाकरांनी आपल्या धन्यांवर हेच आरोप केले, आणि खवळलेल्या लोकांपुढे ब्लांदिना नावाच्या दासीसह कित्येकांनी प्राण दिले. खुद्द आपल्या प्रभूसही लोक खादाड व मद्यपी म्हणत, आणि त्याच्या चौकशीच्या वेळी साक्षीदारांनी मंदिराविषयीचे त्याचेच शब्द मोडतोड करून त्याच्याविरुद्ध मांडिले. ज्याचा गुरू खोट्या साक्षीने वधस्तंभावर गेला, त्या शिष्याच्या तोंडी दुसऱ्याविषयीची अर्धी साक्ष शोभत नाही.

तथापि येथे एका मोठ्या गैरसमजापासून वाचकांस सावध केले पाहिजे. चहाडी नको याचा अर्थ अन्याय झाकून ठेवावा असा मुळीच नाही. “आपल्यातील गोष्ट बाहेर जाऊ नये, मंडळीची अब्रू जाईल, शाळेचे नाव खराब होईल,” असे म्हणून दुर्बळांचे तोंड बंद करणे हे चहाडीहूनही मोठे पाप आहे. चहाडी कोणती आणि कर्तव्य कोणते, हे ओळखण्याची खूण पौलाच्याच पत्रात सापडते. करिंथ येथील मंडळीत तट पडले आहेत, ही बातमी त्यास ख्लोवेच्या घरच्या माणसांनी कळविली. पौलाने काय केले? ज्यांच्याविषयी ही बातमी होती त्या करिंथकरांसच त्याने पत्र लिहिले, आणि बातमी कोणाकडून मिळाली हेही उघड लिहिले. म्हणजे येथे तीन गोष्टी आहेत. सांगणाऱ्यांचे नाव लपविलेले नाही. ज्याच्या हाती उपाय होता त्यालाच सांगितले आहे. आणि हेतू मोडलेले सांधण्याचा आहे. चहाडीत या तिन्ही गोष्टी उलट असतात. सांगणारा म्हणतो, माझे नाव घेऊ नका. ज्यास सांगतो त्याच्या हाती काहीच नसते. आणि हेतू म्हणावा तर घटकाभराची करमणूक.

म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगतो : कोणी मोठा मनुष्य, मग तो नातलग असो, शिक्षक असो की धर्मोपदेशक असो, तुमच्याशी किंवा तुमच्या सोबत्याशी वाईट वर्तन करीत असेल, तर ते आईबापांस किंवा विश्वासू शिक्षकांस सांगणे ही चहाडी नव्हे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा जो कायदा २०१२ मध्ये झाला, त्याच्या १९ व्या कलमान्वये असा अपराध झाल्याचे, किंवा होण्याचा संभव असल्याचे, ज्यास कळेल त्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे, आणि अपराधाची माहिती दडवून ठेवणारास शिक्षा सांगितली आहे. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असावा. ज्या गावात देवळाच्या पायरीवर शंभर गोष्टी बोलल्या जातात आणि पोलिसांत किंवा पंचांपुढे बोलण्याची एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही, त्या गावाने आपल्या जिभेची सारी शक्ती भलत्या जागी खर्च केली, असेच म्हटले पाहिजे.

आता उपाय. प्रभूने तो मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगून ठेविलाच आहे. दोन बंधूंमध्ये अपराध घडला तर प्रथम एकट्याने जाऊन त्यास सांगावे. न ऐकल्यास एकदोघांस सोबत न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीस कळवावे. आपण हाच क्रम उलटा चालवितो. आधी सारी मंडळी ऐकते, मग एकदोघे खास स्नेही ऐकतात, आणि ज्याचा अपराध तो सर्वांत शेवटी ऐकतो. बहुधा ऐकतच नाही. इंग्लंडात जॉन वेस्ली, त्यांचे बंधू चार्ल्स आणि त्यांचे सहकारी उपदेशक यांनी १७५२ मध्ये एका करारावर सह्या केल्या. त्याचा सारांश असा होता की, आम्ही एकमेकांविषयी वाईट ऐकणार नाही व मुद्दाम विचारणार नाही; कानी आलेच तर चटकन विश्वास ठेवणार नाही; शक्य तितक्या लवकर ते ज्याचे त्यास बोलून किंवा लिहून कळवू; आणि तसे केल्यावाचून दुसऱ्या कोणापाशी त्याचे अक्षरही काढणार नाही. एकत्र काम करणाऱ्या माणसांस हा करार घालून घ्यावासा वाटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जेथे स्नेह आहे व काम मोठे आहे, तेथेच लावालावीचे भय अधिक असते. आमच्या मते असा करार शिक्षकांच्या खोलीत, वसतिगृहात, तरुणसंघात आणि मंडळीच्या पंचांत आजही करण्यासारखा आहे. विशेषतः आम्हा शिक्षकांस त्याची गरज आहे. कारण एखाद्या मुलाच्या घरची गोष्ट किंवा त्याची एक जुनी चूक एका वर्गाच्या शिक्षकाने दुसऱ्यापाशी बोलून दाखविली, तर त्या मुलाच्या पुस्तकांबरोबर तो शिक्काही पुढल्या वर्गात जातो.

ज्यांस करार नको त्यांनी तीन प्रश्न तरी जवळ बाळगावे. ज्यास मी हे सांगत आहे त्याच्या हाती काही उपाय आहे काय? ज्याविषयी बोलत आहे तो या क्षणी दारातून आत आला, तर मी हेच वाक्य याच शब्दांत पुरे करीन काय? माझ्या नावानिशी ही गोष्ट पुढे सांगितली तर मला चालेल काय? या तिहींचे उत्तर होय असेल तर निर्भयपणे बोलावे. एकाचेही उत्तर नाही असे आले, तर पावसापाण्याचे बोलावे. विषयांची काही वाण नाही. आणि दुसरा कोणी बोलू लागला तर त्यास फार न दुखविता, “चला, आपण दोघे जाऊन त्यांनाच विचारू,” एवढेच म्हणून पाहावे. फेरीवाला आपले गाठोडे किती झटपट आवरतो, हे दिसून येईल.

नासरेथच्या योसेफाचा विचार आम्हास या प्रसंगी वारंवार सुचतो. मरीयेविषयीची गोष्ट त्याच्या ध्यानी आली तेव्हा त्यास खरा प्रकार ठाऊक नव्हता; दिसत होते ते सर्व तिच्याविरुद्ध होते, आणि लोकांत बोलण्यास त्याच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणास नव्हता. तरीही तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप मार्ग काढण्याचे त्याने मनात आणिले. शुभवर्तमानकाराने त्यास नीतिमान म्हटले आहे, ते याच प्रसंगी. देवदूत त्यास पुढे भेटला. तो गप्प मात्र देवदूताच्या आधीच राहिला होता. संपूर्ण सत्य कळण्यापूर्वी जो तोंड आवरतो, त्यास सत्य कळल्यावर आपले शब्द परत गोळा करीत फिरावे लागत नाही.

शेवटी इस्राएल लोकांच्या प्रवासातील एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करितो. मोशेने केलेल्या कूशी स्त्रीशी विवाहाचे निमित्त करून मिर्याम व अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागली. बोलणारी परकी नव्हती. सख्खी बहीण व सख्खा भाऊ होता. मिर्यामेस कोड फुटले व तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागले. मोशेने तिच्यासाठी प्रार्थना केली, हे त्याचे थोरपण. परंतु गणनेच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी आणखी एक लहानसे वाक्य आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मिर्यामेस परत आत घेईपर्यंत लोकांनी पुढे कूच केले नाही, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे एका जिभेसाठी सारे राष्ट्र सात दिवस रानात थांबून राहिले.

आपल्या कित्येक मंडळ्या कोठे थांबल्या आहेत, आणि का थांबल्या आहेत, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. इमारती आहेत, वर्गणी जमते, गीते गाइली जातात, तरी छावणी जागची हलत नाही. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही या शाळेतून निघून ज्या ज्या मंडळीत, कचेरीत व कुटुंबात जाल, तेथे तुमच्यामुळे कोणाचा प्रवास अडून राहू नये. गैरहजर मनुष्याची बाजू घेणारा एक तरी जण प्रत्येक घोळक्यात असावा, आणि तो आमच्या शाळेचा विद्यार्थी असावा, एवढीच आमची इच्छा आहे.